अमडापुरातले चाळीस दिवस

रीमचा, म्हणजे नबीलच्या मुलीचा, निरोप आला तेव्हा दुकानात गर्दी होती. बाजाराचा दिवस, खेड्यांवरून आलेली माणसं औषधं घेऊन परतीची गाडी गाठायच्या घाईत. काउंटरवरचा फोन थरथरला, मी नाव पाहिलं आणि तो पालथा घातला. वाटलं, कोर्टाची तारीख पुढे गेली असेल. गेली तीन वर्षं तिचा निरोप म्हणजे बहुतेक वेळा तेवढंच असायचं. समोरच्या म्हाताऱ्या बाईंना रक्तदाबाची गोळी केव्हा घ्यायची ते दोनदा समजावलं, मागच्या तिघांना औषधं दिली आणि मग आत फ्रिजपाशी जाऊन ऐकलं. बारा-पंधरा सेकंदांचा निरोप होता, इंग्रजीत. काका, बाबा आज सकाळी गेले. जिना चढताना मध्येच बसले, ते उठलेच नाहीत. डॉक्टरांनी तपासलं, मग पोलिसांनी पुन्हा तपासायला लावलं. हृदयच होतं, काका. दुसरं काही नव्हतं.

ते शेवटचं वाक्य तिनं का म्हटलं हे मला लगेच कळलं. आणि खरं सांगायचं तर मला आधी हायसं वाटलं. दुःख नंतर आलं, रात्री जेवायला घरी गेलो तेव्हा. पण पहिल्या क्षणी मनात एवढंच आलं की नबीलला कोणी मारलं नाही. तो आपल्या मरणानं मेला. एखाद्या मित्राच्या बाबतीत याचंही समाधान मानावं लागतं, हे मला पूर्वी कोणी सांगितलं असतं तर पटलं नसतं. दीड महिना झाला या गोष्टीला. आमच्या चिखलीत त्याला ओळखणारं आता माझ्या घराबाहेर कोणी उरलेलं नाही. म्हणून या पुरवणीच्या वाचकांना त्याच्याबद्दल सांगावंसं वाटलं.

नबील माझा कॉलेजातला मित्र. तेव्हाच्या औरंगाबादला आम्ही फार्मसी शिकत होतो. मी अमडापूरच्या पोस्टमास्तरांचा मुलगा, पहिल्यांदाच घर सोडून आलेला. हॉस्टेलच्या खोलीत जोडीदार मिळाला तो हा पॅलेस्टिनी मुलगा. लेबनॉनमधल्या निर्वासितांच्या छावणीत जन्मलेला. त्याच्याकडे पासपोर्ट नव्हता, प्रवासाचा एक घडीचा दाखला होता आणि तो त्यानं उशीच्या खोळीत ठेवलेला असे. शहरात तेव्हा अरब मुलं पुष्कळ होती, पण हा त्यांच्यात फारसा मिसळत नसे. माझं इंग्रजी तोडकं, त्याचं अरबी वळणाचं, म्हणून तो माझ्याकडून मराठी शिकला. माझ्याकडून शिकला म्हणजे वऱ्हाडीच शिकला. प्रॅक्टिकलला उशीर झाला तर सरांसमोर उभा राहून गंभीरपणे म्हणायचा, “मी येऊनच राह्यलो होतो सर.” वर्ग हसायचा. पुण्याकडची दोन मुलं त्याची नक्कल करायची. ती नक्कल खरी माझी आहे, हे त्याला बरेच दिवस कळलं नाही. कळल्यावर तो त्या दोघांशी बोलायचा बंद झाला.

संघटनेबद्दल त्यानं मला पहिल्याच वर्षी सांगितलं. रविवार होता, हॉस्टेलच्या मागच्या हौदावर आम्ही कपडे धूत होतो. चादर पिळता पिळता, जणू गावाकडची काही खबर सांगावी तसं त्यानं सांगितलं की सोळाव्या वर्षी तो छावणीतल्या एका सशस्त्र संघटनेत गेला होता. गेला नसता तर घरी विचारणा झाली असती. आधी निरोप पोचवायचं काम, मग चौदा महिने छावणीच्या फाटकावर बंदूक घेऊन पहारा. “दोनदा चालवली,” तो म्हणाला. “समोरून गोळ्या आल्या, त्या बाजूले चालवली. कोणाले लागली का, ते मले माहीत नाही.” मग त्याचा थोरला भाऊ मारला गेला. शत्रूकडून नाही, त्यांच्यातल्याच दुसऱ्या गटाकडून, कसल्याशा भांडणात. आईनं नबीलला मामाकडे धाडलं, मामानं खटपट करून शिष्यवृत्ती मिळवली आणि हा इकडे आला. संघटनेला विचारलं नव्हतं. “आमच्यात ‘सोडून गेला’ असं कोणी म्हणत नाही बे. ‘पळून गेला’ म्हणतात.” मी विचारलं, हे मला का सांगतोस. तो म्हणाला, “तू एका खोलीत झोपतो माझ्यासंग. तुले माहीत पाहिजे.” पुढे त्याची सगळी माहिती ज्यांनी ज्यांनी विचारली, त्यांना तो असंच सांगत गेला. सरळ, जेवढं होतं तेवढं. त्याचा त्याला फायदा झाला की तोटा, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्याच्या सुटीत हॉस्टेल बंद झालं. त्याला जायला जागा नव्हती, म्हणून मी त्याला अमडापूरला घेऊन आलो. चार दिवस बरे गेले. पाचव्या दिवशी त्याला ताप भरला, तो उतरेना. गावातल्या डॉक्टरांनी मुदतीचा ताप सांगितला. आमच्या घराची पोस्टाला लागून असलेली एक लांबट खोली होती, तिथं त्याची खाट टाकली. आई त्याला मुगाचं पाणी चमच्यानं पाजायची, कपाळावर ओल्या फडक्याच्या घड्या ठेवायची. पहिल्या आठवड्यात तिनं मला विचारलं, “कोण्या देशाचा हाये रे हा?”

“त्याला देश नाही, आई.”

“नाई तं नाई. माय हाये का?”

“आहे.”

“मंग तिले कळवलं का?”

कळवलं होतं. बाबांनी स्वतः पाकीट तयार करून टाकलं, पण उत्तर काही आलं नाही. बाबांना दुसरीच काळजी होती. परदेशी विद्यार्थ्यानं जिल्ह्याबाहेर मुक्कामाला जाताना पोलिसांत कळवायचं असतं, आणि ते आम्ही केलं नव्हतं. बाबा सरकारी माणूस, नियमाचे पक्के. एक दिवस कागद घेऊन अर्ज लिहायला बसले. दोन ओळी लिहून उठले, खोलीत डोकावून आले आणि तो कागद त्यांनी फाडला. “अंगात ताप असलेल्या पोराले ठाण्यात नेऊन उभं करत नसतात,” म्हणाले. “बरा होऊ दे, मंग पाहू.” बरा व्हायला चाळीस दिवस लागले. तोवर कॉलेज उघडायची वेळ झाली. आम्ही दोघं परत गेलो आणि ते चाळीस दिवस कुठल्याच कागदावर आले नाहीत. तेव्हा त्यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. आजारी होता, आपल्याकडे राहिला, बरा होऊन गेला. एवढीच ती गोष्ट होती.

पदवी घेऊन मी चिखलीला दुकान टाकलं. तो आखातात एका औषधाच्या दुकानात लागला. तिथं काही वर्षांनी त्याचा प्रवासाचा दाखला संपला आणि नवा मिळेना. मग तो युरोपातल्या एका लहान, थंड देशात गेला आणि आश्रय मागितला. देशाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, रीम अजून तिथंच आहे. तिथल्या अधिकाऱ्यांनी दोन दिवस त्याचा जबाब घेतला. छावणी, फाटक, चौदा महिने, दोन वेळा चालवलेली बंदूक, सगळं त्यानं सांगितलं आणि ते त्यांनी लिहून घेतलं. सगळं लिहिलेलं असूनही त्यांनी त्याला राहू दिलं, शिकू दिलं, एका इस्पितळात औषधविभागात नोकरी मिळाली. तिथंच छावणीतून आलेल्या एका मुलीशी त्यानं लग्न केलं. रीम झाली. बायको आजारानं लवकर गेली. त्यानंतर दोन-तीन वर्षांत त्याला नागरिकत्व मिळालं आणि त्याच्याबरोबर रीमलाही. तेव्हा तो पन्नाशीला आलेला होता.

नव्या पासपोर्टवर तो पहिल्यांदा कुठे गेला असेल, तर इथं आला. दहा वर्षांच्या रीमला घेऊन. जळगाव जामोदच्या माझ्या सासुरवाडीलाही जाऊन आला, तिथं सगळ्यांना वऱ्हाडी बोलून थक्क केलं. पण सगळ्यात आधी अमडापूरला आईकडे. बाबा नव्हते. आई पायानं अधू झाली होती, ओसरीवर बसलेली असायची. हा तिच्यापुढे मांडी घालून बसला आणि खिशातून पासपोर्ट काढून तिच्या हातात दिला. तिनं तो उलटसुलट करून पाहिला. आतला त्याचा फोटो पाहिला, मग त्याच्याकडे पाहिलं.

“एवढ्याशा पुस्तकापायी डोक्याचे सारे केस पिकवले काय रे?”

“हाव, माय.”

“आता तरी चांगला राहा.”

परतताना गाडीत तो मला म्हणाला की त्याला या पुस्तकाचं कौतुक प्रवासासाठी नाही. आयुष्यात पहिल्यांदाच अशी स्थिती आली होती की कोणी त्याला ‘जा’ म्हणू शकत नव्हतं. हे तो इतक्या हळू बोलला की मागे बसलेल्या माझ्या बायकोला, सुनीतेला, ऐकू गेलं नाही... मी नंतर तिला सांगितलं.

पुढे काही वर्षांनी आई गेली. त्यानं फोनवर माझ्याबरोबर रडून घेतलं. आणि त्यानंतर दोन वर्षांनी तिकडचं सरकार बदललं आणि त्याला ते पत्र आलं.

मला जेवढं समजलं तेवढं सांगतो. पूर्वी सशस्त्र संघटनेत असलेल्या आणि पुढे नागरिक झालेल्या लोकांच्या जुन्या फायली पुन्हा उघडायचं ठरलं होतं. नबीलनं आपलं सदस्यत्व लपवलं नव्हतं, त्यामुळे तेवढ्यावरून काही करता येत नव्हतं. पण कुठून तरी मिळालेली एक यादी त्याच्या फायलीत आली होती. एका प्रशिक्षण छावणीत हजर असलेल्यांची नावं. त्यात त्याच्यासारखं एक नाव होतं. नबील हे नाव तिकडे आपल्याकडच्या संजयसारखं, गल्लीगल्लीत असतं, पण वडिलांचं नावही जुळत होतं. आणि ती यादी ज्या उन्हाळ्याची होती, तो आमच्या दुसऱ्या वर्षाचा उन्हाळा होता. त्यांचं म्हणणं असं की हा माणूस चौदा महिन्यांनी बाहेर पडलो म्हणतो ते खोटं आहे. भारतात शिकायला गेलेला असतानाही तो सुटीत परत जाऊन त्या छावणीत प्रशिक्षण घेऊन आला. म्हणजे जबाब खोटा, म्हणजे नागरिकत्व खोट्यावर मिळालेलं, म्हणजे ते काढून घेता येतं.

चौकशी सुरू असतानाच तिथल्या एका वर्तमानपत्रानं अशा सहा-सात जणांची नावं छापली. फोटो, गाव, काम करतात ती जागा, सगळं. इस्पितळानं त्याला घरी बसवलं. शेजारच्या बाई जिन्यात भेटल्या की मान वळवू लागल्या. आणि दोन महिन्यांनी त्या सहा-सात जणांपैकी एक जण, दुसऱ्या एका शहरात, कामावरून घरी येताना मारला गेला. नबील त्याला ओळखत होता, छावणीत दोघं एकाच गल्लीतले. ज्यांच्याविरुद्ध तो कधी काळी लढला होता त्यांनी मारलं, की ज्यांना सोडून आला त्यांनी, याचा पत्ता लागला नाही. निदान नबीलला कोणी सांगितला नाही. मला फोनवर म्हणाला, “दोन्ही बाजूले माझा पत्ता पेपरवाल्यानं देऊन टाकला बे.” त्यानं पोलिसांकडे संरक्षण मागितलं होतं. त्यांनी तक्रार लिहून घेतली आणि घरातून निघायच्या वेळा रोज बदला असा सल्ला दिला. तेवढ्यात दुसऱ्या खात्याचं पत्र आलं की चौकशीच्या काळात ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी येऊन सही करायची. तो म्हणाला, मी आता कोणाचं ऐकू?

नागरिकत्व गेलं असतं तर त्याला कुठे पाठवणार होते, हेही कोणाला माहीत नव्हतं. जन्मला ती छावणी आता राहिली नव्हती. ज्या देशात ती होती, तो त्याला आपला मानत नव्हता. त्याचा वकील म्हणाला, बहुधा कुठेच पाठवणार नाहीत. काम नाही, प्रवास नाही, दर आठवड्याला सही, असं एका जागी ठेवतील, मरेपर्यंत.

मग त्यानं मला कागद मागितला. ते चाळीस दिवस तो आमच्या घरी आजारी होता, असं प्रतिज्ञापत्र. डॉक्टर वारलेले, आई-बाबा वारलेले. माझा धाकटा भाऊ तेव्हा चार वर्षांचा होता. हॉस्टेल बंद होतं, पोलिसांत नोंद नव्हती. त्या उन्हाळ्यात तो कुठे होता हे शपथेवर सांगू शकेल असा जगात एकच माणूस उरला होता, आणि तो मी होतो.

हे पुढचं लिहायला जड जातं. मी चार महिने लावले.

आमचा अमेय पुण्याला नोकरीला आहे. त्याच सुमारास कंपनी त्याला बाहेर पाठवणार होती, व्हिसाचे कागद गेले होते. मी त्याला सहज विचारलं, असा कागद देऊ का. तो म्हणाला, “बाबा, नबीलकाकांबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण तुमच्या सहीचा कागद एका परदेशी सरकारच्या फायलीत जाणार, आणि त्या फायलीवर त्या संघटनेचं नाव असणार. थोडं थांबता येईल का?” त्याचं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. शिवाय परदेशी माणूस नोंद न करता घरी ठेवल्याची आमची कबुलीही त्या कागदात येणार होती. मी नबीलला सांगत गेलो की नोटरी गावाला गेलेत, स्टॅम्प पेपर मिळत नाही, दुकानात माणूस नाही. तो दर वेळी म्हणायचा, “हाव, होऊ दे सावकाश.” एके दुपारी ताट वाढता वाढता सुनीता म्हणाली, “आत्याबाईंनी त्याचं चाळीस दिवस केलं. तुम्हाले चार ओळी होत नाईत?” मी त्या दिवशीही गेलो नाही. अमेयचा व्हिसा आला, त्याच्या तिसऱ्या दिवशी गेलो. असंच आहे ते, दुसऱ्या तऱ्हेनं सांगता येत नाही.

आणि गेलो तेव्हाही हात आखडला. टायपिस्टनं विचारलं, तुमचं त्यांच्याशी नातं काय टाकू? मी म्हणालो, ‘परिचित’ टाका. त्याचं इंग्रजी भाषांतर जोडलं, सही-शिक्का झाला, कागद गेला. महिनाभरानं त्या कागदाच्या चौकशीसाठी ठाण्यातून एक हवालदार दुकानात आले. चहा घेतला, पाच-सहा प्रश्न विचारले, लिहून घेतलं, आपल्या आईसाठी गुडघ्याचं मलम घेतलं आणि गेले. पुढे काही झालं नाही. ज्या भीतीपायी मी चार महिने काढले, ती वीस मिनिटांत संपली.

सुनावणी झाली. तिथं काय झालं ते रीमनं मला सांगितलं. ती तोवर कॉलेजात गेली होती आणि बापाच्या शेजारी बसून सगळं ऐकत होती. सरकारी वकिलानं माझा कागद वाचला आणि दोनच गोष्टी विचारल्या. पहिली, ही गोष्ट खरी असती तर या साक्षीदाराला चार ओळी लिहायला चार महिने का लागले? दुसरी, हा माणूस स्वतःला केवळ परिचित म्हणवतो. नुसत्या परिचिताला कोणी चाळीस दिवस घरात ठेवून त्याची शुश्रूषा करतं का? निकाल नबीलच्या विरोधात गेला. तेवढ्यावरूनच गेला असं नाही, यादीही होती. पण निकालपत्रात माझा कागद ‘विश्वसनीय वाटत नाही’ असं स्पष्ट लिहिलेलं होतं.

दोन दिवसांनी त्याचा फोन आला. मी कसाबसा उचलला. तो इकडचं तिकडचं बोलला, सोयाबीन कसं आहे विचारलं, मग म्हणाला, “परिचित म्हंजे काय बे? तू मले हा शब्द शिकवला नव्हता.”

मी त्याला अर्थ सांगितला. तो म्हणाला, “असं होय.” आणि पुन्हा कधी तो विषय काढला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. मी म्हटलं, मी दुसरा कागद करून देतो. तो म्हणाला की वकिलांना विचारतो. वकील म्हणाले, अपिलाची तारीख लागली की मागू. तारीख लागली, पुढे गेली, पुन्हा लागली, पुन्हा गेली. दीड वर्ष असं चाललं. दर शुक्रवारी आमच्या दुपारच्या सुमाराला त्याचा फोन यायचा. खटल्याबद्दल तो कमीच बोलायचा. गुडघे दुखतात, तीन मजले चढवत नाहीत, मध्ये बसावं लागतं. नवीन आलेली एखादी गोळी कशी आहे, दुकानात ठेवतोस का. माणूस दमला होता, एवढंच त्याच्या आवाजात असायचं. मागे एकदा मी विचारलं, भीती वाटते का रे अजून? तर म्हणाला, “भ्यायलेही ताकद लागते बे. मले आता झोप लागते.” शेवटच्या फोनवर आम्ही आमच्या औरंगाबादच्या मेसच्या भाजीबद्दल बोललो. त्यात काय असायचं ते दोघांनाही आठवेना. दहा मिनिटं तेवढ्यावरच गेली.

मग त्या बाजाराच्या दिवशी रीमचा निरोप आला.

त्याला तिथल्या नगरपालिकेच्या दफनभूमीत पुरलं. आठवडाभरानं रीमच्या हाती एका पानाचं पत्र पडलं, की अपिलकर्ता मृत असल्यामुळे प्रकरण बंद करण्यात येत आहे. खरं काय, खोटं काय, कोणी काहीच ठरवलं नाही. आणि त्यानंतर दहाच दिवसांनी दुसरं पत्र आलं, या वेळी तिच्याच नावावर. तिला नागरिकत्व लहानपणी बापामुळे मिळालेलं. बापाचंच जर चुकीनं दिलं गेलं असेल तर तिच्या हक्काचीही तपासणी करावी लागेल, तोवर पासपोर्ट जमा करावा, असं त्यात होतं. तिनं मला फोन केला. मला वाटलं रडेल, पण ती शांत होती, बापासारखीच दमलेली. म्हणाली, “काका, वकील सांगतात की वडिलांच्या भूतकाळाबद्दल मला काहीच माहिती नव्हती असं लिहून दे, सोपं जाईल. मी नाही लिहून देणार. मला माहीत होतं. मी आठ वर्षांची असताना त्यांनी मला सगळं सांगितलं होतं.”

बावीस वर्षांची मुलगी ती. मी म्हटलं, कागद केव्हा पाठवू? ती म्हणाली, जमेल तेव्हा. मी म्हटलं, उद्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान बंद ठेवून आम्ही दोघं नोटरीकडे गेलो. सुनीता आपणहून साडी बदलून तयार होऊन बसली होती. टायपिस्ट तोच होता. त्यानं जुना मजकूर काढला, म्हणाला, यातच थोडं बदलू. मी म्हटलं, नाही, नव्यानं लिहा. नात्याच्या जागी ‘मित्र’ लिहिलं. पोलिसांत का कळवलं नाही, बाबांनी अर्ज लिहून का फाडला, तेही लिहिलं. पहिला कागद द्यायला मी चार महिने का लावले, ते लिहिलं. खाट कुठे होती, ताप कितव्या दिवशी वाढला, डॉक्टर कोणत्या वेळी यायचे, आठवेल तसं सांगत गेलो. मध्ये मी अडलो की सुनीता आईकडून ऐकलेलं सांगायची. ताप उतरल्यावर पहिल्या दिवशी आईनं त्याला मऊ भातावर लसणाच्या फोडणीची पातळ कढी दिली, त्यानं ती तीन वाट्या प्यायली आणि चौथी मागितली. आई हसून म्हणाली होती, आता हा जगते. ते ऐकल्यावर मलाही आठवलं. मी दारात उभा होतो तेव्हा.

टायपिस्टचे हात थांबले. “बाई, हे कढीगिढी कोर्टात लागते काय?”

“लागते,” सुनीता म्हणाली. “लिवा तुम्ही.”

साडेचार पानं झाली. दुपारी तीनला सही-शिक्का होऊन मी स्कॅन पाठवलं आणि दुकान उघडलं. तिची तारीख अजून लागलेली नाही. त्या दिवशी सहाच्या सुमाराला रीमचं उत्तर आलं. तिनं लिहिलं होतं, काका, कागद मिळाला, वकिलांना दिला. मी तो दोनदा वाचला. बाबांना कढी आवडायची, हे मला माहीत नव्हतं. ती कशी करतात?